फिस्क : गाणाऱ्या विद्यार्थ्यांनी उभारलेले विद्यालय

वसतिशाळेच्या स्मरणिकेत संस्थापकांचे, देणगीदारांचे व शिक्षकांचे ऋण व्यक्त करण्याची प्रथा आहे आणि ती योग्यच आहे. संस्थेवर विद्यार्थ्यांचेही काही ऋण असते, याचा उल्लेख मात्र अशा ग्रंथांतून क्वचितच आढळतो. इतिहासाचा शिक्षक या नात्याने मला या संदर्भात अमेरिकेतील टेनेसी राज्याच्या नॅशव्हिल शहरातील फिस्क विद्यापीठाची नेहमी आठवण होते. नाव विद्यापीठाचे असले तरी त्याचे स्वरूप एका लहान निवासी महाविद्यालयाचे आहे. ख्रिस्ती मिशनने ते स्थापन केले. पूर्वाश्रमीच्या गुलामांची मुले तेथे शिकली, आणि त्याची मुख्य इमारत त्याच मुलांनी गावोगावी गाऊन मिळवलेल्या पैशांतून उभी राहिली.

जोतीराव फुले यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सज्जनांना अर्पण केला, हे आपल्याला ठाऊक आहे. फिस्कचे संस्थापक त्याच परंपरेतले होते. १८६१ ते १८६५ या काळातील यादवी युद्धानंतर गुलामगिरी कायद्याने संपली. परंतु दक्षिणेतील अनेक राज्यांत गुलामाला अक्षर शिकवणे हाच गुन्हा होता, त्यामुळे मुक्त झालेला समाज जवळजवळ पूर्णपणे निरक्षर होता. गुलामगिरीविरोधी ख्रिस्ती मंडळींनी, मुख्यतः काँग्रिगेशनल पंथीयांनी, चालवलेली अमेरिकन मिशनरी असोसिएशन ही संस्था या कामाला पुढे आली. जॉन ऑग्डेन, इरॅस्टस क्रॅव्हथ व एडवर्ड स्मिथ या तिघांनी ९ जानेवारी १८६६ रोजी नॅशव्हिलमध्ये शाळा उघडली. मुक्त झालेल्या गुलामांच्या पुनर्वसनासाठी सरकारने स्थापलेल्या ‘फ्रीडमेन्स ब्यूरो’चे तेथील प्रमुख जनरल क्लिंटन फिस्क यांनी लष्करी रुग्णालयाच्या रिकाम्या बराकी मिळवून दिल्या, म्हणून शाळेला त्यांचे नाव मिळाले. पहिल्या विद्यार्थ्यांत सात वर्षांच्या मुलापासून सत्तरीच्या वृद्धापर्यंत सारे होते. काही महिन्यांतच संख्या नऊशेच्या घरात गेली. त्या दिवसांची एक हकिकत फिस्कमध्ये पिढ्यानुपिढ्या सांगितली जाते : शहरातील गुलामांच्या बाजारात पडून असलेल्या गंजक्या बेड्या व साखळदंड विद्यार्थ्यांनी गोळा केले, ते भंगारात विकले आणि आलेल्या पैशांतून पुस्तके घेतली.

धर्मप्रसार हा मिशनऱ्यांच्या कार्याचा एक हेतू होता, हे लपवण्याचे कारण नाही. रोजची प्रार्थना, रविवारची उपासना, पत्ते, तंबाखू व नाच यांवर बंदी, अशी शिस्त तेथे पहिल्यापासून होती. परंतु या मंडळींनी एक गोष्ट अशी केली, जी त्या काळात कित्येकांना हास्यास्पद वाटली. नॅशव्हिलमध्ये सरकारी प्राथमिक शाळा सुरू होताच १८६७ साली त्यांनी आपल्या शाळेला विद्यापीठाची सनद घेतली आणि गुलामांच्या मुलांना लॅटिन, ग्रीक, गणित व तत्त्वज्ञान शिकवायला प्रारंभ केला. या मुलांनी सुतारकी, शेतकी व स्वयंपाक शिकावा, असे दक्षिणेतील गोऱ्यांचे व उत्तरेतील अनेक धनिकांचेही मत होते. हॅम्प्टन व टस्कीगी या संस्था त्याच धोरणाने वाढल्या. (टस्कीगीचे प्रवर्तक बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या पत्नी मार्गारेट मात्र फिस्कच्या पदवीधर होत्या, ही नोंद करण्याजोगी गोष्ट.) बाबासाहेबांना शाळेत संस्कृत नाकारले गेले व फारसी घ्यावी लागली, हे ज्यांना आठवते त्यांना लॅटिन-ग्रीकच्या या आग्रहाचे मोल वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. वरच्या वर्गाने ज्या विद्या स्वतःसाठी राखून ठेवल्या होत्या, त्यांच्यावरील हक्काचा तो प्रश्न होता. १८७५ साली पहिले चार विद्यार्थी महाविद्यालयीन पदवी घेऊन बाहेर पडले.

परंतु त्याआधीच, १८७१ साली, संस्था बंद पडण्याच्या बेतात आली होती. लष्करी बराकी कुजल्या होत्या आणि कर्ज वाढले होते. जॉर्ज व्हाइट नावाचे गोरे शिक्षक संस्थेचे खजिनदार होते व संगीतही शिकवीत. त्यांनी नऊ विद्यार्थी निवडले आणि ६ ऑक्टोबर १८७१ रोजी त्यांना घेऊन ते निधी जमवण्यासाठी उत्तरेकडे निघाले. बहुतेक मुले गुलामगिरीत जन्मलेली होती. त्यांना साथ करणारी, आणि पुढे प्रत्यक्षात वृंद सांभाळणारी, एला शेपर्ड अवघी वीस वर्षांची होती. तिच्या वडिलांनी पैसे भरून तिला गुलामगिरीतून सोडवले होते; आई मात्र गुलामच राहिली आणि मायलेकींची ताटातूट झाली. सिनसिनाटीत एका गोऱ्या शिक्षकाने तिला पियानो शिकवला, तो मागच्या दाराने, रात्री, कोणाला कळणार नाही अशा बेताने. फिस्कमध्ये ती आली तेव्हा तिच्याजवळ सहा डॉलर होते.

पहिले काही आठवडे अत्यंत हलाखीचे गेले. हॉटेले त्यांना खोल्या देत नसत. सिनसिनाटीत एका कार्यक्रमाचे पन्नास डॉलरहूनही कमी पैसे जमले, आणि तेही त्यांनी नुकत्याच शिकागोत लागलेल्या भीषण आगीतील पीडितांना देऊन टाकले. घरी परतण्यास पुरेसे पैसे नसलेल्या मुलांनी असे करावे, हे वाचताना मी प्रत्येक वेळी थांबतो.

त्यांच्या गाण्यांविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. प्रारंभी ही मुले गोऱ्यांच्या सभागृहांत रूढ असलेली गाणी म्हणत आणि श्रोत्यांवर त्यांचा विशेष परिणाम होत नसे. आईवडिलांनी कापसाच्या शेतात, रात्रीच्या गुप्त प्रार्थनासभांत म्हटलेली दास्यकाळातील भक्तिगीते, ज्यांना आज ‘स्पिरिच्युअल्स’ म्हणतात, ती लोकांसमोर गाण्याची त्यांना इच्छा नव्हती. एलाने पुढे लिहून ठेवले आहे की, त्या गीतांशी गुलामगिरी व काळोखा भूतकाळ जोडलेला होता. शिवाय ती आईवडिलांची पवित्र ठेव होती. आपल्या समाजातील माझ्या पिढीला ही भावना अपरिचित नाही. शिकलेल्या मुलाने वस्तीतले गाणे, वस्तीतली बोली घरीच ठेवून बाहेर पडावे, असे आम्हालाही वाटत असे. नोव्हेंबर १८७१ मध्ये ओहायोतील ओबर्लिन येथे काँग्रिगेशनल चर्चच्या राष्ट्रीय परिषदेपुढे त्यांनी अखेर ती गीते गायिली आणि सभागृह स्तब्ध झाले. त्यानंतर न्यूयॉर्क, मार्च १८७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्यासमोर व्हाइट हाउस, आणि १८७३ मध्ये इंग्लंडात राणी व्हिक्टोरिया, असा त्यांचा प्रवास झाला. बायबलमधील गुलाममुक्तीच्या वर्षावरून व्हाइट यांनी त्यांना ‘ज्युबिली सिंगर्स’ हे नाव दिले होते. पहिल्या दौऱ्यातून वीस हजार डॉलर जमले. त्यातून कर्ज फिटले व चाळीस एकर जागा घेता आली. पुढच्या दौऱ्यांतील निधीतून बांधलेल्या ज्युबिली हॉलचे १ जानेवारी १८७६ रोजी उद्घाटन झाले.

याची किंमतही मोठी होती. सात वर्षे सतत प्रवास, आजार, आणि अनेकांचे शिक्षण अर्धवट राहिले. ज्या विद्यालयासाठी ती गात होती, त्याच्या वर्गात बसायला त्यांना वेळ मिळाला नाही. १८७८ साली जर्मनीत हा वृंद विसर्जित झाला. एलाने पुढे आईला शोधून काढले, नॅशव्हिलला आणले व फिस्कच्या जवळच घर केले.

येथे एक खाजगी आठवण सांगतो. मी ज्या वसतिगृहात शिकलो, तेथे देणगीदार येत तेव्हा आम्हाला ओळीने उभे करून स्वागतगीत म्हणायला लावीत. गीत झाले की आमच्यापैकी एकाला पुढे बोलावून त्याच्या घरची परिस्थिती विचारत. दोनदा ती पाळी माझ्यावर आली. ज्युबिली सिंगर्सचा वृत्तान्त प्रथम वाचला तेव्हा मला त्या ओळीची आठवण झाली आणि दोन्हींमधला भेदही लक्षात आला. फिस्कच्या मुलांनी मागितले नाही, कमावले. त्यांच्या गाण्याने श्रोत्यांना जे दिले, त्याचे त्यांनी मोल घेतले.

१८८५ साली सतरा वर्षांचे विल्यम ई. बी. ड्यू बॉइस फिस्कमध्ये दाखल झाले. मॅसॅच्युसेट्समधील त्यांच्या गावात कृष्णवर्णीय कुटुंबे मोजकीच होती. आपल्यासारख्याच शेकडो तरुण-तरुणींना एकत्र पाहण्याचा आनंद त्यांना तेथे प्रथम मिळाला. वसतिशाळेत पहिल्यांदा आलेल्या मुलाला काय वाटते, हे येथील माजी विद्यार्थी जाणतातच. त्यांनी विद्यार्थ्यांच्या ‘फिस्क हेरल्ड’ या नियतकालिकाचे संपादन केले. उन्हाळ्याच्या दोन सुट्ट्यांत टेनेसीच्या ग्रामीण भागात शाळा चालवली. त्या काळी फिस्कचे पुष्कळ विद्यार्थी असे करीत. ती शाळा म्हणजे मका साठवण्याची लाकडी ओंडक्यांची खोपटी होती. दाराच्या जागी नुसते भगदाड, आणि शिक्षकाची खुर्ची घरमालकिणीकडून मागून आणलेली, म्हणून रोज संध्याकाळी परत नेऊन द्यायची. तेथील जोसी नावाची मुलगी नॅशव्हिलच्या मोठ्या शाळेत जाण्याचे स्वप्न पाहत असे. दहा वर्षांनी ते त्या गावी परतले तेव्हा घरासाठी राबता राबता जोसी मरण पावली होती. ‘द सोल्स ऑफ ब्लॅक फोक’ या १९०३ सालच्या ग्रंथात त्यांनी हे लिहिले आहे. फिस्कच्या प्रत्येक पदवीधरामागे अशा किती जोसी उरल्या असतील, याचा विचार करावा.

ड्यू बॉइस पुढे हार्वर्डला गेले, मोठे विद्वान झाले. १९४६ साली बाबासाहेबांनी त्यांना पत्र लिहून अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाला सादर केलेल्या निवेदनाच्या प्रती मागवल्या आणि अस्पृश्यांच्या व त्यांच्या स्थितीतील साम्याचा उल्लेख केला. ड्यू बॉइस यांनी त्याच वर्षी ३१ जुलै रोजी आस्थेने उत्तर पाठवले. त्या दोघांच्या पत्रव्यवहाराविषयी आपल्याकडे बरेच बोलले जाते. परंतु ड्यू बॉइस आपल्या विद्यालयाशी कसे वागले, हे फारसे सांगितले जात नाही, आणि मला तेच अधिक बोधप्रद वाटते.

१९१५ साली फायेट मॅकेन्झी हे गोरे समाजशास्त्रज्ञ फिस्कचे अध्यक्ष झाले. ते दुष्ट नव्हते. त्यांनी अभ्यासक्रमाचा दर्जा उंचावला, दहा लाख डॉलरचा कायम निधी उभारण्याची मोहीम हाती घेतली व ती जवळजवळ तडीस नेली. परंतु उत्तरेतील धनिक न्यास व नॅशव्हिलमधील गोरे नागरिक यांचा विश्वास मिळवायचा, तर फिस्कचे विद्यार्थी नम्र व निरुपद्रवी आहेत हे दाखवणे त्यांना आवश्यक वाटले. विद्यार्थी परिषद बरखास्त झाली. ‘फिस्क हेरल्ड’ बंद पडले. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेची शाखा काढण्यास मनाई झाली. मुलींच्या मोज्यांपर्यंतच्या पोशाखाचे नियम ठरले, मुलामुलींनी देखरेखीवाचून बोलू नये असे ठरले, रात्री दहाला दिवे मालवणे सक्तीचे झाले.

ड्यू बॉइस यांची कन्या योलांड १९२४ साली फिस्कमधून पदवीधर झाली. त्या समारंभाला माजी विद्यार्थी म्हणून त्यांना भाषणास बोलावले होते. अध्यक्ष व्यासपीठावर असताना त्यांनी तेथेच सर्व आक्षेप स्पष्टपणे मांडले. विद्यार्थ्यांचा आत्मसन्मान गहाण टाकून मिळवलेला निधी महाग पडतो, हा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. त्या वर्षाच्या अखेरीस विश्वस्तांसमोर विद्यार्थ्यांनी गाऱ्हाणी मांडली, पण हाती विशेष काही लागले नाही. ४ फेब्रुवारी १९२५ च्या रात्री शंभराहून अधिक विद्यार्थ्यांनी दहाचा नियम मोडला. ते ओरडत, गात आवारात फिरले, ड्यू बॉइस यांच्या नावाचा घोष झाला, काही खिडक्या फुटल्या. मॅकेन्झी यांनी शहराच्या पोलिसांना बोलावले. सशस्त्र गोरे पोलीस वसतिगृहात शिरले, आणि अध्यक्षांनी ज्यांची नावे दिली त्या विद्यार्थ्यांना अटक झाली. ही नावे त्या रात्रीच्या दंगलीतली नव्हती, आधी तक्रार करणाऱ्यांची होती, असा विद्यार्थ्यांचा आरोप होता.

ज्या समाजाला पोलीस म्हणजे जमावाच्या हातून मरणाची पहिली पायरी असे, त्या समाजाच्या मुलांवर त्यांच्याच विद्यालयाने पोलीस घालावेत, ही गोष्ट पालकांना सहन झाली नाही. खिडक्या फोडणे चूकच होते. परंतु त्या खिडक्यांना जे उत्तर दिले गेले, त्यातून विश्वास तुटला. विद्यार्थ्यांनी वर्गांवर बहिष्कार टाकला, कित्येक घरी निघून गेले, माजी विद्यार्थी व कृष्णवर्णीयांची वृत्तपत्रे त्यांच्या बाजूने उभी राहिली. संप दोन महिन्यांहून अधिक चालला. एप्रिल १९२५ मध्ये मॅकेन्झी यांनी राजीनामा दिला. त्यांच्यानंतर आलेले टॉमस जोन्स हेही गोरेच होते, पण त्यांनी नियम सैल केले व विद्यार्थी परिषदेला पुन्हा मान्यता दिली. १९३० साली फिस्कला दक्षिणेतील महाविद्यालयांच्या संघाची मान्यता मिळाली. कृष्णवर्णीयांच्या संस्थांत हा मान पहिला. संपाने संस्था बुडेल असे म्हणणारे चुकले. पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष चार्ल्स जॉन्सन यांची निवड व्हायला मात्र १९४६ साल उजाडावे लागले, म्हणजे स्थापनेनंतर ऐंशी वर्षे.

त्याच १९२५ साली बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह उघडले. ते आपल्या माणसांनी आपल्या मुलांसाठी चालवलेले वसतिगृह होते, हा फरक थोडा नाही. तरीही केवळ चालक आपले आहेत एवढ्याने सर्व प्रश्न सुटत नाहीत. मी स्वतः पंचवीसहून अधिक वर्षे रात्रीचे दिवे मालवत आलो आहे, आणि त्यातला कोणता नियम मुलांच्या झोपेसाठी होता व कोणता माझ्या सोयीसाठी, हे मला नेहमी सांगता आले असते असे नाही.

परिषद परत मिळाली, तिचा उपयोग काय झाला, याचे उदाहरण इतिहासकार जॉन होप फ्रँकलिन यांचे आहे. १९३३ साली फिस्कच्या परिसरालगतच्या घरातून कॉर्डी चीक या तरुणाला जमावाने पळवून नेऊन ठार केले. फ्रँकलिन तेव्हा विद्यार्थी परिषदेचे प्रमुख होते. त्यांनी अधिकाऱ्यांकडे लेखी निषेध नोंदवला. वकील होण्याच्या इराद्याने आलेल्या या मुलाला इतिहासाकडे वळवले ते थिओडोर करिअर या गोऱ्या प्राध्यापकाने. हार्वर्डला जायला पैसे नाहीत असे कळल्यावर करिअर यांनी स्वतः बँकेतून पाचशे डॉलर कर्ज काढून विद्यार्थ्याच्या हाती ठेवले. गोरा शिक्षक म्हटला की मॅकेन्झीच आठवावा असे नाही, हेही नोंदवले पाहिजे. फ्रँकलिन यांचा ‘फ्रॉम स्लेव्हरी टू फ्रीडम’ हा १९४७ सालचा ग्रंथ आजही अमेरिकेत अभ्यासला जातो.

१९६० सालचा प्रसंग आपल्याला नागपूरमार्गे जोडलेला आहे. जेम्स लॉसन हे मेथॉडिस्ट तरुण १९५३ ते १९५६ या काळात नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात मिशनरी म्हणून काम करीत होते. मॉन्टगोमेरीतील बस-बहिष्काराची बातमी त्यांनी नागपुरातच वर्तमानपत्रात वाचली. १९५६ साली, ज्या वर्षी बाबासाहेबांनी त्याच शहरात धम्मदीक्षा दिली त्याच वर्षी, ते मायदेशी परतले व पुढे नॅशव्हिलला गेले. तेथे त्यांनी विद्यार्थ्यांना अहिंसक प्रतिकाराचे पद्धतशीर शिक्षण दिले : शिवी ऐकून कसे बसायचे, मार कसा सोसायचा, एक उठवला गेला की त्याच्या जागी दुसऱ्याने कसे बसायचे. फिस्कची विद्यार्थिनी डायान नॅश त्या वर्गातूनच पुढे आली. १३ फेब्रुवारी १९६० पासून विद्यार्थी दुकानांतील केवळ गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहार-खिडक्यांशी जाऊन बसू लागले. मारहाण झाली, अटका झाल्या, आणि १९ एप्रिलला त्यांच्या वकिलाच्या घरावर बाँब पडला. त्याच दिवशी हजारोंच्या मूक मोर्चासमोर डायानने महापौर बेन वेस्ट यांना विचारले, रंगावरून भेद करणे योग्य वाटते काय? वेस्ट यांना नाही म्हणावे लागले. १० मे रोजी त्या खिडक्या सर्वांना खुल्या झाल्या. या वेळी फिस्कचे अध्यक्ष स्टीफन राइट यांनी पोलीस बोलावले नाहीत. विद्यार्थ्यांना जाहीर पाठिंबा दिला. १९२५ आणि १९६० यांच्यामध्ये पस्तीस वर्षांचे अंतर आहे.

ज्युबिली हॉल आजही उभा आहे आणि त्यात विद्यार्थिनी राहतात. आत मूळ गायकांचे, इंग्लंडात रंगवलेले, छतापर्यंत पोहोचणारे चित्र आहे. दरवर्षी ६ ऑक्टोबरला फिस्कमध्ये ज्युबिली दिन पाळतात. संस्थापकांच्या जयंतीचा तो दिवस नव्हे, नऊ विद्यार्थी दाराबाहेर पडले तो दिवस. त्या दिवशी आजचा गायकवृंद नॅशव्हिलमधील जुन्या दफनभूमीत जातो आणि एला शेपर्ड व तिच्या सोबत्यांच्या थडग्यांपाशी उभा राहून तीच गीते गातो.